पाच मीटरच्या बोयातून २० किलोवॉट? आधी समुद्राचा तक्ता मांडा

प्रश्न थोडक्यात असा: किनाऱ्यापासून आत, ४० मीटर खोल पाण्यात लाटांची सरासरी उंची १.५ मीटर आणि आवर्तनकाळ ७ सेकंद. तिथे ५ मीटर व्यासाचा बोया (लाटेवर डोलणारा पोकळ तरंगक) सोडला, तर २० किलोवॉट अखंड मिळतील का? आणि बोयाच्या वरखाली होण्यातून वीज काढायला रॅक-पिनियन (दात्यांची सरळ पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक) बरं की हायड्रॉलिक (दाबलेल्या तेलावर चालणारी यंत्रणा)?

थेट उत्तर आधी. एका बोयातून वर्षाची सरासरी ४ किलोवॉटच्या आसपास धरा. २० हवे असतील तर तसले पाच लागतील, आणि तरीही 'अखंड' हा शब्द पाळला जाणार नाही. रॅक-पिनियन की हायड्रॉलिक याचं उत्तर मी हायड्रॉलिक असं देईन, पण खरी अडचण तिथे नाहीच. खरी अडचण ही, की यंत्राला कमाई करायची असते साध्या दिवसाच्या समुद्रावर आणि टिकायचं असतं वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्री. 'सरासरी १.५ मीटर' या आकड्यात या दोन्हींपैकी एकही दिसत नाही.

त्या आकड्यापासूनच सुरुवात करू. सरासरी कसली? सगळ्या लाटांच्या उंचीची साधी सरासरी १.५ असेल तर गोष्ट वेगळी. समुद्राच्या नोंदींमध्ये सहसा 'सार्थ उंची' देतात, म्हणजे सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. ती साध्या सरासरीच्या सुमारे १.६ पट असते. तुमचे १.५ साधे सरासरीतले असतील तर सार्थ उंची २.४ झाली, आणि ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढत असल्याने हिशेब अडीच पटींनी बदलला. आवर्तनकाळातही तीच गफलत होते. मोजणीच्या बोयावरून आलेला ७ सेकंदांचा आकडा शिखर-काळ (ज्या काळाच्या लाटांत सर्वाधिक ऊर्जा असते तो) असेल तर ऊर्जेच्या हिशेबाला ६ ते ६.३ घ्यावा लागतो. तो शून्यछेद-काळ (पाणी मध्यपातळी ओलांडून वर जाण्याच्या लागोपाठच्या दोन क्षणांतलं सरासरी अंतर) असेल तर ८.४ पर्यंत जातो. डेटा ज्याच्याकडून घेतला त्याला हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढचं गणित करू नका.

सध्या १.५ ही सार्थ उंची आणि ७ हा ऊर्जेच्या हिशेबातला काळ (ऊर्जा-काळ) मानू. खोल पाण्यात लाटेच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे मिळणारी शक्ती काढायला सोपं सूत्र आहे: ०.४९ गुणिले उंचीचा वर्ग गुणिले काळ, उत्तर किलोवॉटमध्ये. ०.४९ × २.२५ × ७ म्हणजे ७.७ किलोवॉट प्रति मीटर. (खोल पाणी म्हणजे तरंगलांबीच्या निम्म्याहून जास्त खोली. ७ सेकंदांच्या लाटेची लांबी ७६ मीटर, निम्मी ३८. तुमचे ४० मीटर जेमतेम बसतात. १० मीटर खोलीवर याल तर हे सूत्र सोडा, तिथे तळाचं घर्षण आणि फुटणाऱ्या लाटा वेगळीच वजाबाकी करतात.)

५ मीटर रुंदीत ३८.६ किलोवॉट येतात. वरखाली डोलणारा बोया त्यातले १५ ते २० टक्के उचलतो. मी १७ धरतो. झाले ६.६. सिलिंडरपासून इन्व्हर्टरपर्यंत ७० टक्के कार्यक्षमता धरली तर ४.६. दुरुस्ती, बोट न मिळणं, केबलची भानगड यांत १५ टक्के वेळ जातो असं समजा, उरले ३.९. वर्षाला सुमारे ३४,००० युनिट. याहून मोठा आकडा कोणी सांगितला, तर त्याने या चार पायऱ्यांपैकी कोणती गाळली ते विचारा.

बहुतेक वेळा गाळलेली पायरी दुसरी असते. ती गाळायला एक शास्त्रीय वाटणारा आधारही आहे: वरखाली हलणारा गोल बोया तत्त्वतः तरंगलांबी भागिले ६.२८ इतक्या रुंदीतली ऊर्जा शोषू शकतो. म्हणजे तुमच्याकडे १२ मीटर, स्वतःच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त! तत्त्व खरं आहे. फक्त त्यासाठी बोया लाटेच्या तालावर, अगदी अनुनादात आणि लाटेहून मोठ्या झेपेने हलायला हवा. तिथेच सगळं अडतं.

ते का अडतं, हे एका आकडेमोडीत दिसतं. तरंगत्या उभ्या नळकांड्याचा स्वतःचा डोलण्याचा काळ त्याच्या बुडालेल्या उंचीवर ठरतो. बुडालेली उंची मीटरमध्ये घ्या, त्यात त्रिज्येच्या ०.४२ पट मिळवा (बोयाबरोबर हलणाऱ्या पाण्याचं वजन), ९.८१ ने भागा, वर्गमूळ काढा, ६.२८ ने गुणा. ५ मीटर व्यास आणि २.५ मीटर बुडालेला भाग असेल तर उत्तर येतं ३.८ सेकंद. लाट ७ सेकंदांची. म्हणजे तुमचा बोया लाटेवर बुचासारखा नुसता चढउतार करील, पाण्याच्या पृष्ठाशी फारसा फरक पडू न देता. ७ सेकंद गाठायला बुडालेली उंची ११ मीटर करावी लागते. मग ५० टनांचा बोया सव्वादोनशे टनांचा खांब होतो. त्याला ओढून न्यायला, उभा करायला, बांधून ठेवायला लागणारं सगळंच त्या पटीत वाढतं.

वजन न वाढवता काळ जुळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला, नॉर्वेच्या बुदाल आणि फाल्नेस यांनी १९७० च्या दशकात मांडलेला: बोया वरच्या किंवा खालच्या टोकाला क्षणभर धरून ठेवायचा आणि योग्य क्षणी सोडायचा. चाचणीच्या टाकीत झकास चालतो. समुद्रात पुढची लाट कशी येते ते काही सेकंद आधी कळावं लागतं, आणि एकाच ठिकाणी दोन दिशांच्या लाटा मिसळल्या की अंदाज चुकतो. दुसरा मार्ग उलट वागणाऱ्या स्प्रिंगचा: पाणी बोयाला मध्यावर परत ढकलतं, तो जोर काही अंशी काटणारी वायवीय यंत्रणा आत बसवायची. कॉरपॉवर ओशन या स्वीडिश कंपनीच्या ३०० किलोवॉटच्या यंत्रात ही कल्पना आहे. २०२३ मध्ये ते पोर्तुगालच्या अगुसादोराजवळ उभं केलं आणि १८.५ मीटरपर्यंतच्या लाटांतून ते सुखरूप निघालं, कारण वादळात यंत्रणा बंद केली की बोया आपोआप बेसूर होतो आणि लाटा त्याला फारशा हलवत नाहीत. ही गोष्ट मला वीज-उत्पादनापेक्षा महत्त्वाची वाटते. पहिलाच बोया करणाऱ्याने मात्र यात पडू नये. साधा बोया, साधं दमन (हालचालीला दिलेला रोध), आणि १७ टक्क्यांवर समाधान.

आता वर्षाचा विचार. समजा नऊ महिने उंची ०.९ मीटर आणि तीन महिने ३.३ मीटर आहे. सरासरी बरोबर १.५ येते. पण उंचीच्या वर्गांची सरासरी २.२५ नाही, ३.३३ येते. ऊर्जा जवळपास दीडपट, ऐकायला छान. त्यातली ८२ टक्के मात्र त्या तीन महिन्यांत असते, जेव्हा बोट समुद्रात जात नाही आणि बिघाड झाला तर तो तसाच राहतो. उरलेल्या नऊ महिन्यांत तुमच्या बोयाला प्रति मीटर २.८ किलोवॉटच मिळतात, म्हणजे वीज दीड किलोवॉटसुद्धा नाही.

म्हणून सरासरी बाजूला ठेवा आणि तक्ता मागा. उभ्या बाजूला उंची अर्ध्या मीटरच्या टप्प्यांनी, आडव्या बाजूला काळ एक सेकंदाच्या टप्प्यांनी, आणि प्रत्येक चौकटीत वर्षातले तास. असा तक्ता महिन्यागणिक हवा. प्रत्येक चौकटीचं उत्पादन वेगळं काढून तासांनी गुणायचं आणि बेरीज करायची. हे काम स्प्रेडशीटवर एका दिवसाचं आहे, आणि निम्मे प्रकल्प या एका दिवसातच निकाली निघायला हवेत.

त्याच तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात वादळाच्या चौकटी असतात. सार्थ उंची ६ मीटर आणि काळ ११ सेकंद असेल तर प्रति मीटर १९४ किलोवॉट, रोजच्या पंचवीस पट. तशा तीन तासांत एखादी लाट ११-१२ मीटरची येणारच. तुम्ही ती वीज घेणार नाही, घेऊही शकत नाही. पण पोलाद, साखळी आणि नांगर त्या लाटेच्या मापाने विकत घ्यावे लागतात. लाटांच्या विजेचा खर्च वाऱ्यापेक्षा जास्त का, याचं बरंचसं उत्तर या पंचवीस पटीत आहे. पवनचक्की वादळात पात्यांचा कोन बदलून वाऱ्याला वाट देते. बोयाला अशी सोय मुद्दाम घडवावी लागते.

आता रॅक-पिनियनकडे. तुमच्या समुद्रात बोयाची झेप मध्यापासून साधारण ०.४५ मीटर धरा. ६.६ किलोवॉट शोषायला त्याला सुमारे २६ किलोन्यूटन, म्हणजे २.६ टनांचा रोध द्यावा लागतो, आणि वेग असतो जास्तीत जास्त ०.४ मीटर प्रति सेकंद. जोर भरपूर, वेग गोगलगायीचा. १० सेंटिमीटर त्रिज्येचा पिनियन या वेगाला मिनिटाला ३८ फेरे घेतो. १५०० फेऱ्यांच्या जनरेटरला ४०:१ चा गिअरबॉक्स लागतो. चालतं म्हणा. पण त्याच दिवशी, त्याच समुद्रात, तासाभरात एखादी २.८ मीटरची लाट येते. तिच्यावर बोयाचा वेग सव्वा मीटरवर जातो आणि जनरेटर ४८०० फेऱ्यांवर. शिवाय दर साडेतीन सेकंदांनी दिशा उलटते. एकदिशा क्लच (एकाच दिशेची फिरकी पुढे देणारा) घातलात तर दिशा उलटताना दर वेळी दात सैल होऊन पुन्हा आदळतात. वर्षात अशी ४५ लाख आवर्तनं होतात. सैलपणा सुरुवातीला अर्धा मिलिमीटर असतो, आदळण्याने वाढतो, वाढल्यावर जास्त आदळतो. दात पायथ्याशी तडकतात ते या चक्रामुळे. जमिनीवरच्या चाचणीत हे दिसत नाही, कारण तिथे मोटर लावून हालचाल ठरावीक ठेवलेली असते.

हायड्रॉलिकमध्ये हे धक्के तेल पचवतं. मांडणी अशी: दोन्ही बाजूंना दांडा असलेला सिलिंडर, चार चेक-व्हॉल्व्हचा (तेलाला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपांचा) पूल (डायोडच्या पुलासारखाच, दांडा वर जावो की खाली, तेल एकाच दिशेने निघतं), उच्च दाबाचा नायट्रोजन-अॅक्युम्युलेटर (दाबलेल्या वायूच्या जोरावर तेल साठवणारी टाकी), हायड्रॉलिक मोटर, जनरेटर, आणि परतीच्या बाजूला कमी दाबाचा छोटा अॅक्युम्युलेटर. हा शेवटचा भाग लोक विसरतात. मग ओढणाऱ्या बाजूला दाब शून्याखाली जातो, तेलात बुडबुडे होतात आणि सिलिंडर ठोके देऊ लागतो.

तुमच्या मापाला ६३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ४५ मिलिमीटर दांडा हे बाजारातलं प्रचलित माप बसतं: क्षेत्रफळ १५.३ चौरस सेंटिमीटर, १७० बारला २६ किलोन्यूटन. १०० लिटरचा अॅक्युम्युलेटर १२० बारला भरून १४० ते २०० बारमध्ये खेळवला, तर सुमारे २० लिटर तेल आतबाहेर होतं. त्यात साठते ३४० किलोज्यूल, म्हणजे ६.६ किलोवॉटने ५० सेकंदांची. लाटा झुंडीने येतात. चार-पाच मोठ्या, मग जरा शांतता. ती झुंड सपाट करायला ५० सेकंद पुरतात. दुपारभर समुद्र निवला तर नाही. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) २१० बारला ठेवा आणि त्यातून सुटणारी ऊर्जा उष्णता होते हे लक्षात घेऊन तेलाच्या टाकीला समुद्राच्या पाण्याने थंडावा द्या.

हायड्रॉलिकची दुखरी जागा म्हणजे दांड्याचं सील. ०.४५ मीटर झेपेने सात सेकंदांत १.८ मीटर सरक होते; वर्षात सील ८,००० किलोमीटर घासतं. दांडा खाऱ्या हवेत उघडा असेल तर त्यावर क्षार सुकून कण बसतात, पाण्यात असेल तर बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचधारी जीव). दोन्ही सीलला कानसीसारखे लागतात. साध्या क्रोम मुलाम्याला सूक्ष्म चिरा असतात, त्यातून पाणी खालच्या पोलादापर्यंत जातं आणि मुलामा फुगून सुटतो. दांडा रबरी भात्याने पूर्ण झाकून आतली हवा कोरडी ठेवायची, दुहेरी सील घालायची, दोन सीलमधून झिरपणारं तेल वेगळ्या बाटलीत गोळा करायचं. ती बाटली भरायचा वेग वाढला की सील बदलायची वेळ आली. तेल जैवविघटनशील घ्या, पण त्यात पाणी शिरलं की ते लवकर आंबटतं, म्हणून पाण्याचं प्रमाण दर भेटीत तपासा.

रेषीय जनरेटरचा (फिरण्याऐवजी सरळ वरखाली हलून थेट वीज करणाऱ्या) तिसरा पर्याय आहे: स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाने २००६ पासून लिसेकिलजवळ तळावर ठेवून चालवलेला. तेल नाही, गिअर नाही. पण ०.४ मीटर वेगाला पुरेसा जोर काढायला चुंबक आणि तांबं भरमसाट लागतं, आणि बाहेर येणारी वीज इतकी हेलकावणारी असते की सपाटीकरणाचा सगळा भार इलेक्ट्रॉनिक्सवर पडतो. एकट्या बोयासाठी मी तो सुचवणार नाही.

भरती-ओहोटीचा प्रश्नात उल्लेख नाही, आणि मला तीच सगळ्यात जास्त खटकते. सिलिंडर तळाशी दोराने जोडलेला असेल आणि पाण्याची पातळी २ मीटरने वरखाली होत असेल, तर ३ मीटरच्या स्ट्रोकमधले दोन भरतीनेच खाल्ले. उधाणाच्या भरतीला पिस्टन वरच्या टोकाला आदळत राहील. एकतर स्ट्रोक वाढवा, नाहीतर सावकाश दोर सोडणारी-ओढणारी विंच बसवा, किंवा तळाऐवजी खोल पाण्यात लटकणाऱ्या मोठ्या थाळीवर जोर घ्या. थाळीला भरतीचं काही नसतं, पण तीही थोडी हलते आणि तेवढी ऊर्जा जाते. टोकांना शेवटच्या २० सेंटिमीटरमध्ये तेलाची उशी हवीच, मग पर्याय कोणताही असो.

साखळी झिजते ती तळाला टेकते-उचलते त्या दोन-चार मीटरांत. तिथे एक माप जाड साखळी घाला. शॅकलच्या (साखळी जोडणाऱ्या यू आकाराच्या कडीच्या) पिनला नुसती स्प्लिट पिन पुरत नाही, वेल्डचा ठिपकाही द्या. स्टेनलेसचा शॅकल साध्या पोलादाच्या साखळीला लावू नका, साखळी शेजारीच खाऊन जाते. वीज-केबल तुटते ती बोयातून बाहेर पडते तिथे, वाकून वाकून. तिथे निमुळतं रबरी आवरण आणि खाली तरंगक लावून एस आकाराचा ढिला झोल ठेवा.

बोया आणि किनारा यांतली वीज रेक्टिफाय करून (एकदिश, म्हणजे डीसी, करून) सामायिक डीसी तारेवर (बसवर) आणा, मग इन्व्हर्टर. पाच बोया असतील तर त्यांत अंतर ठेवा, म्हणजे एकाच वेळी सगळे शिखरावर येत नाहीत आणि बेरीज बरीच सपाट होते. तरी दोन दिवस समुद्र शांत राहिला, तर २० किलोवॉटला ९६० युनिट साठवावे लागतील. तेवढी बॅटरी लाटांसाठी घेणं परवडत नाही. दुसरा स्रोत जोडीला असल्याशिवाय 'अखंड' म्हणू नका.

तुमच्या ठिकाणी लाटरोधक भिंत नव्याने बांधली जाणार असेल, तर बोयाचा विचार थांबवून भिंतीत हवेची कोठडी बसवण्याचा विचार करा. पाणी कोठडीत चढतं-उतरतं, वरची हवा टर्बाइनमधून आतबाहेर होते. वेल्स टर्बाइन हवा कोणत्याही दिशेने गेली तरी एकाच दिशेने फिरतं आणि पाण्यात एकही हलता भाग राहत नाही. स्पेनच्या मुत्रिकूला २०११ पासून अशी १६ टर्बाइन भिंतीत आहेत, एकूण २९६ किलोवॉटची. केरळात विळिंजमला १९९१ साली १५० किलोवॉटचा प्रयोग झाला होता. भिंत नाहीतरी बांधायची असते, त्यामुळे काँक्रीटचा खर्च विजेच्या माथी पडत नाही. फक्त विजेसाठी भिंत बांधाल तर पुन्हा वादळाच्या त्या पंचवीस पटीशी गाठ आहे: पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातल्या पिकू बेटावरच्या अशाच ४०० किलोवॉटच्या केंद्राचा काही भाग २०१८ मध्ये कोसळला. आणि तरंगत्या यंत्रांत पेलामिस या स्कॉटिश कंपनीची सापासारखी सांधेदार तीन यंत्रं, प्रत्येकी ७५० किलोवॉटची, २००८ मध्ये अगुसादोराला लागली आणि सुमारे दोन महिन्यांत बंदरात परतली. सुरुवात बेअरिंगच्या बिघाडाने झाली, नंतर पैसाही आटला.

पुढचं पाऊल म्हणून छोटं मॉडेल करायचा बेत असेल तर माप जपून निवडा. लांबी १० ने कमी केली की काळ ३.१६ ने कमी होतो, पण शक्ती ३,१६२ ने. ६.६ किलोवॉटचा बोया १:१० मध्ये २ वॉट देतो. १:२० मध्ये ०.१८ वॉट, आणि तेवढं तर छोट्या सिलिंडरचं सीलच खाऊन टाकतं. त्यामुळे १:२० च्या मॉडेलवर वीज मोजू नका. त्यावर बोयाचा डोलण्याचा काळ, दोरातला ताण आणि टोकांना आदळण्याची वारंवारता मोजा. शक्ती मोजायची ती १:५ किंवा त्याहून मोठ्या मापावर, एक मीटर व्यासाच्या बोयावर, आडोशाच्या खाडीत, जिथे लाटाही त्याच मापाने लहान मिळतात: ३० सेंटिमीटर उंचीच्या, तीन सेकंदांच्या.